काटकसर करायलाही ओटा लागतो: वसतिगृह समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य, वसतिगृह व्यवस्थापन समिती,
मा. विद्यार्थी कल्याण अधिकारी,
यांस सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात आपल्याकडून दोन कागद आमच्यापर्यंत आले. पहिला होस्टेलच्या नोटीस बोर्डवर लागला. पुढच्या सत्रापासून तळमजल्यावरचं कॉमन किचन बंद होणार, तिथला फ्रिज आणि कपाटं हलवणार, त्या जागेत खुर्च्या आणि खाऊची पाकिटं देणारी मशिन्स येणार, आणि मेसचे पूर्ण सत्राचे पैसे प्रवेशाच्या वेळीच भरणं सगळ्यांना सक्तीचं होणार, असं त्यात लिहिलंय. दुसरा कागद म्हणजे विद्यार्थी कल्याण विभागाचं पत्रक. थोड्या पैशांत महिना कसा काढावा, हे त्यात सांगितलंय. यादी करूनच दुकानात जा. सुटी छोटी पाकिटं घेण्यापेक्षा मोठं पाकीट घ्या. शक्य तेवढं स्वतः रांधा. उरलेलं टाकू नका, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरा.

या पत्रकातला एकही सल्ला चुकीचा नाही. मी दोन वर्षं जवळपास असंच राहते आहे आणि त्याने महिना निभतो, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते. म्हणून तर हे पत्र लिहावं लागतंय. त्या पत्रकातल्या प्रत्येक ओळीला एक ओटा, एक फ्रिज आणि कुलूप लागेल असं एक कपाट लागतं. नेमकं तेच आपण काढून घ्यायला निघाला आहात.

हे पत्र मी आपल्या कार्यालयात देऊ शकले असते, आणि प्रत दिलीही आहे. पण हा प्रश्न एका होस्टेलचा नाही. जिथे जिथे मुलं घरापासून लांब, मोजक्या पैशांत शिकतात, तिथे हे कमीअधिक फरकाने घडतं. म्हणून ते सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं.

माझ्याबद्दल थोडं. मी तिसऱ्या वर्षाला आहे. फी शिष्यवृत्तीतून भागते. बाकीचं सगळं, म्हणजे जेवण, प्रवास, झेरॉक्स, औषधं, मोबाइल, संध्याकाळच्या अर्धवेळ कामातून निघतं. घरून पैसे मागावेत अशी घरची परिस्थिती नाही, आणि ते घरच्यांना माझ्या तोंडून ऐकायला लागू नये अशी माझी धडपड असते. पहिल्या सत्रात मला यातलं काहीच जमत नव्हतं. भूक लागली की दुकानात जायचे, समोर दिसेल ते पाकीट उचलायचे. महिन्याच्या वीस तारखेला हातातले पैसे संपले. पुढचे दहा दिवस सकाळी चहा, रात्री पाव, असे काढले. लेक्चरला फळ्यावरची अक्षरं नीट लागायची नाहीत, आणि मला वाटायचं की माझा चष्म्याचा नंबर वाढलाय.

त्या वेळी वरच्या वर्गातल्या एका ताईने मला तळमजल्यावर नेलं. तिने तिची वही दाखवली. साधी दोनशे पानी. डाव्या पानावर घरात, म्हणजे कपाटात, काय शिल्लक आहे ते. उजव्या पानावर काय आणायचं ते. आणि प्रत्येक वस्तूपुढे पाकिटाची किंमत नाही, तर किलोचा किंवा लिटरचा दर, भागाकार करून काढलेला. ती म्हणाली, "आधी घरात बघायचं, मग दुकानात." आजही मी तशीच वही ठेवते. यंदाची तिसरी आहे.

पैसे कमी असले की जेवणाचा वाटा वाढतो, ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. १८५७ साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि दाखवून दिलं की, कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा. हा नियम अर्थशास्त्रात आजही त्याच्या नावाने शिकवतात. आपल्याच महाविद्यालयात मी तो शिकले. वर्गात तो आलेख फळ्यावर काढला जात होता, तेव्हा मी वहीच्या कोपऱ्यात माझा हिशेब करून पाहिला. कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा खाण्यावर जात होता. ज्याचा एवढा वाटा जेवणात जातो, त्याला वाचवण्याची जागाही तिथेच असते. पुस्तकं लायब्ररीतून आणता येतात. प्रवास पायी करता येतो, थोडाफार. खरी बचत होते ती किराण्यातच, आणि किराणा वाचतो तो किचनमध्ये.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार मोठ्या पाकिटाची. मोठं पाकीट किलोमागे बहुतेक वेळा स्वस्त पडतं हे खरं. बहुतेक वेळा म्हणते, नेहमी नाही. मोठ्या पाकिटावर लहानापेक्षा जास्त दर लावलेला मी वहीत दोनदा पकडलाय, आणि पाकीट तेच, किंमत तीच, पण आतलं वजन गुपचूप घटलेलं, हे तर कितीदा. म्हणून निव्वळ वजन वाचून भागाकार करावा लागतो. युरोपीय संघाने १९९८ च्या एका निर्देशाने दुकानदारांना किलो-लिटरचा दर पाकिटाच्या किमतीसोबत लिहिणं बंधनकारक केलं, ते याचसाठी. ग्राहकाला तुलना करता यावी म्हणून.

पण भागाकार येत असला तरी मोठं पाकीट घ्यायला दोन गोष्टी लागतात. एकरकमी पैसे आणि ठेवायला जागा. पैशाचा मार्ग आम्ही काढला. आम्ही चौघी मिळून महिन्याला एकदा तांदळाची मोठी पिशवी आणतो. रविवारी दुपारी किचनच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरायचं, पिशवी उसवायची, आणि स्टीलच्या एका पेल्याने मोजून चार डब्यांत घालायचे. एक पेला तुला, एक तिला, एक हिला, एक मला. मागच्या खेपेला शेवटच्या फेरीत चौथीचा पेला अर्धाच भरला. कुणी काही बोललं नाही. बाकी तिघींनी आपापल्या डब्यात हात घालून एकेक मूठ तिच्या डब्यात टाकली. पेपर झटकून खाली सांडलेले दाणेही वेचले. डाळीचं, तेलाचंही असंच करतो.

खोलीत धान्य ठेवायला आपलाच नियम मनाई करतो, आणि तो नियम योग्य आहे. मुंग्या होतात, उंदीर येतात. म्हणून ते चार डबे किचनमधल्या कुलपाच्या कपाटांत असतात. कपाट गेलं की डबे जातील, आणि डबे गेले की आम्ही चौघी पुन्हा दोन दिवसांपुरती छोटी पाकिटं आणू. किलोला सगळ्यात महाग दराची. आणि त्याच जागी उभ्या राहणाऱ्या मशिनमध्ये तर त्याहून छोटी पाकिटं असतील. ज्या मुलींकडे सगळ्यात कमी पैसे आहेत, त्यांनी सगळ्यात महाग दराने खावं, असा या बदलाचा परिणाम होणार आहे. तो आपल्या मनात नसेल याची मला खात्री आहे. पण होणार तोच आहे.

दुसरी तक्रार, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर, फ्रिजची.

पत्रकात लिहिलंय, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत स्पष्ट सांगितलंय की, शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये, नाशवंत पदार्थ लवकर थंड करून ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावेत, आणि पुन्हा गरम करताना वाफा निघेपर्यंत नीट तापवावेत. भाताच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाच्या उष्णतेतही टिकतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातलं उलट्या करवणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे रात्रीचा भात सकाळी परतून घेतला की झालं, हा समज चुकीचा आहे. तो रात्रीच फ्रिजमध्ये जायला हवा.

मागच्या सत्रात आमचा फ्रिज तीन आठवडे बंद होता. तक्रार वहीत पहिल्याच दिवशी लिहिली. नंतर दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी त्याच ओळीखाली 'अजून बंद' असं लिहीत गेलं. ते पान आजही त्या वहीत आहे, कृपया बघावं. परीक्षेचे दिवस होते. एकदाच रांधून दोन दिवस खायचं, म्हणजे अभ्यासाला वेळ मिळतो, असा आम्हा सगळ्यांचा बेत. पहिल्या रात्रीच सगळ्यांचं दूध नासलं. फ्रिजचं दार उघडलं तर आंबूस वास आणि आतल्या कप्प्यांवर पाणी. प्रत्येकीच्या जागेवर नावाची चिकटपट्टी लावलेली असते. ओलीने त्या पट्ट्या सुटून खाली तळाशी जमा झाल्या होत्या. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीने दुपारचं जेवण रात्री खाल्लं, कारण ते टाकून दिलं तर खायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीचा पेपर तिने मध्येच दोनदा उठून, बाहेर जाऊन, कसाबसा पूर्ण केला. नेमकं कशाने झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तीन आठवडे फ्रिज दुरुस्त झाला नाही, हे सांगू शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. आपल्या फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्याला आम्ही 'जाणाऱ्यांचा कप्पा' म्हणतो. सुट्टीत कुणी घरी निघालं की उरलेली अंडी, भाजी, अर्धं लोणी तिथे ठेवायचं, ज्याला हवं त्याने न विचारता घ्यायचं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी त्या कप्प्यातून किती वेळा घेतलंय आणि सुट्टीआधी किती वेळा ठेवलंय, याची नोंद मी वहीत करत नाही. तशी पद्धत नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून पोस्टर लावणाऱ्या विभागाने हा कप्पा बंद होऊ देऊ नये, एवढंच मागते.

तिसरी तक्रार ताकदीच्या जेवणाची. आमच्यासारख्यांना परवडणारं प्रथिन म्हणजे डाळी आणि कडधान्यं. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि भिजून-शिजून तिचं वजन दुपटीहून जास्त होतं, त्यामुळे पोट भरतं. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरेसं धरलंय. माझ्यासारख्या ५५ किलोच्या मुलीला म्हणजे ४६ ग्रॅमच्या आसपास. वाटीभर कडधान्य, थोडं दूध, एखादं अंडं आणि पोटभर धान्य, एवढ्यात ते बसतं. वहीत मांडून बघितलंय.

पण कोरडं कडधान्य पाकिटातून काढून खाता येत नाही. रात्री भिजवायचं, सकाळी ते पाणी टाकायचं, मग नीट शिजवायचं. राजम्याला तर भिजवल्यावर निदान दहा मिनिटं खळखळून उकळी यावीच लागते. अर्धकच्चा राहिला तर त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे जोरदार उलट्या होतात. खोलीतली विजेची किटली पाणी उकळलं की आपोआप बंद पडते. तिच्यात कडधान्य शिजत नाही. शिजतं काय, तर पाकिटातल्या झटपट नूडल्स. किचन बंद झाल्यावर इथे मुलं काय खातील, हे त्यावरून कळावं. जागतिक आरोग्य संघटना रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. भाजी निवडायला, धुवायला, चिरायला आणि शिजवायला जागा नसेल, तर ती घेऊन जायची कुठे?

मेसच्या सक्तीबद्दल आता. मेसमध्ये राबणाऱ्या मावशी-काकांबद्दल माझ्या मनात राग नाही. शेकडो माणसांचं वेळेवर रांधणं सोपं नसतं, आणि ज्यांना मेस सोयीची पडते त्यांनी ती जरूर घ्यावी. पण माझं काम रात्री संपतं तेव्हा मेस बंद झालेली असते. दर आठवड्याला निदान पाच रात्रींचं जेवण मी पैसे भरून चुकवणार. न खाल्लेल्या जेवणाचे पैसे परत मिळणार नाहीत, असं नोटीसमध्ये ठळक अक्षरांत आहे. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय त्यांचंही तेच होईल.

त्याहून मोठी अडचण एकरकमी भरण्याची. किराण्यात हात आखडता येतो. एखाद्या महिन्यात आजारपण निघालं, पुस्तक घ्यावं लागलं, कामाच्या ठिकाणी पगार उशिरा झाला, तर मी दूध अर्धं करते, फळं बंद करते, साठवणीतल्या डाळ-तांदळावर आठवडा काढते, आणि पुढच्या महिन्यात भरून काढते. ही सवलत मला कुणी दिलेली नाही, माझी मीच तयार केली आहे. मेसच्या पावतीत ती उरत नाही. आणि सत्राच्या पहिल्या दिवशी सहा महिन्यांच्या जेवणाचे पैसे एकदम आणायचे म्हणजे बऱ्याच जणींना उसने काढावे लागतील. अर्धवेळ कामाचा पगार महिन्याला येतो, सत्राला नाही.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. हा निर्णय घेताना आम्हाला कुणी विचारलं नाही. रात्री नऊ वाजता समितीतलं कुणी एकदा किचनमध्ये येऊन उभं राहिलं असतं, तर तिथे काय चालतं ते दिसलं असतं.

आता आपली बाजू. नोटीसमध्ये तीन कारणं दिली आहेत: अस्वच्छता, विजेचा खर्च आणि आगीचा धोका. त्यातलं पहिलं आम्ही नाकारत नाही. सिंक तुंबलेलं असतं, ओट्यावर खरकटं राहतं, कचऱ्याचा डबा कुणीच नेत नाही. यात चूक आमची आहे. विजेचा आकडा आपण जाहीर करावा, वाटणी करून भरायची आमची तयारी आहे.

आगीबद्दल मात्र मला आपल्याशी स्पष्ट बोलायचंय. गेल्या वर्षी एका मुलीने शेगडीवर कढई ठेवली आणि फोन आला म्हणून ती वर गेली. कढई जळली, धूर झाला, भिंत काळी झाली. ती काळी भिंत बघूनच हा निर्णय झाला असणार. पण तो धूर पाच मिनिटांत सगळ्यांना दिसला, कारण किचन ही सगळ्यांची जागा आहे. खिडक्या मोठ्या आहेत, फरशी आहे, अग्निशामक सिलिंडर दाराशी आहे, आणि तो वापरता येणाऱ्या दोघीतिघी नेहमी आसपास असतात. किचन बंद केल्याने स्वयंपाक बंद होणार नाही. भूक लागलेली मुलगी कॉइलची शेगडी आणून ती पलंगाखाली लपवेल, गादी-पडद्यांच्या शेजारी, दाराला आतून कडी लावून, एकाच सॉकेटवर लॅपटॉप आणि शेगडी दोन्ही जोडून. काही खोल्यांमध्ये हे आत्ताच सुरू झालंय. कुणाला पकडून द्यायला मी हे लिहीत नाही. भीती वाटते म्हणून लिहिते.

अन्नाचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या कल्याणाचा भाग आहे, हे काही मी नव्याने सांगत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या २५ व्या कलमात पुरेशा राहणीमानाच्या हक्कात अन्नाचं नाव आहे. १९९६ साली रोममध्ये झालेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली, तिच्यात सर्वांना, सर्व काळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न प्रत्यक्षात आणि आर्थिकदृष्ट्या मिळण्याजोगं असावं, असं म्हटलंय. प्रत्यक्षात आणि आर्थिकदृष्ट्या, दोन्ही. दुकान कोपऱ्यावर असेल, पण शिजवायला जागा नसेल तर ते अन्न माझ्या हातात आलेलं नसतं. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी अन्नपेढी, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणारं केंद्र, सुरू केली. पुढे अनेक विद्यापीठांनी तो कित्ता गिरवला. फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांची सवलतीची उपाहारगृहं चालवणाऱ्या सरकारी प्रादेशिक संस्था १९५५ पासून आहेत. एवढं मोठं काही आम्ही मागत नाही. जे आहे ते राहू द्या, एवढंच मागतोय.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

किचन बंद करण्याची नोटीस मागे घ्यावी. मशिन्स आणायचीच असतील तर जिन्याखालच्या मोकळ्या जागेत बसवावीत, ओटा आणि कपाटं काढून नव्हे.

फ्रिज चालू राहील याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे द्यावी. बिघडला तर तीन दिवसांत दुरुस्ती किंवा तात्पुरता दुसरा फ्रिज. आत एक साधा थर्मामीटर लावावा, म्हणजे तो ५ अंशांच्या खाली आहे की नाही हे येता-जाता दिसेल.

मेस ऐच्छिक असावी. निदान महिन्याचे पैसे महिन्याला घ्यावेत आणि जेवढी जेवणं घेतली तेवढ्याचेच, कूपन पद्धतीने. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्यांसाठी डबा काढून ठेवण्याची सोय झाली, तर मी स्वतः आठवड्यातले तीन दिवस मेस लावेन.

कुलपाची कपाटं सध्या सोळा आहेत आणि ती तीन-तीन जणींत वाटलेली आहेत. आणखी आठ लागतील. जुन्या प्रयोगशाळेतली कपाटं गोदामात पडून आहेत, ती साफ करून चालतील. पण आत पूर्वी रसायनं ठेवलेली असतील तर ती नकोत.

किचनमध्ये एक लहानसा फडताळाचा कप्पा अडीनडीच्या किराण्यासाठी राखावा. तांदूळ, डाळ, तेल, मीठ. ज्याचे पैसे संपलेत त्याने अर्ज न करता, नाव न लिहिता घ्यावं. पहिली भर आम्ही घालू. विद्यार्थी कल्याण विभागाने सत्रातून एकदा घातली तर तो वर्षभर रिकामा राहणार नाही. अर्ज ठेवू नका, ही खास विनंती. पहिल्या सत्रातल्या त्या दहा दिवसांत अर्ज भरावा लागला असता तर मी तो भरला नसता.

शेगडीला आपोआप बंद होणारं टायमर बसवावं, आणि वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकीला अग्निशामक सिलिंडर वापरायला शिकवावं. त्यासाठी वर्गणी काढायला आम्ही तयार आहोत.

शेवटचं: वसतिगृह समितीत दोन विद्यार्थिनी प्रतिनिधी असाव्यात, आणि जेवणाखाण्याचा कोणताही निर्णय त्यांच्याशी बोलल्याशिवाय होऊ नये.

पुढच्या सत्राच्या होस्टेल प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी आपलं लेखी उत्तर मिळावं, अशी विनंती आहे. किचन नसेल तर आमच्यातल्या काही जणींना होस्टेल सोडून बाहेर खोली बघावी लागेल, आणि त्याला वेळ लागतो. सफाईच्या पाळ्यांचा तक्ता कार्यालयातल्या प्रतीला जोडला आहे. रोज दोघी, रात्री दहाला ओटा, सिंक आणि कचरा. रविवारी फ्रिज पुसणे. त्यावर किचन वापरणाऱ्या सगळ्यांच्या सह्या आहेत. तक्ता येत्या सोमवारपासून लागू होतोय, आपला निर्णय काहीही असो. पहिली पाळी माझी आणि माझ्या रूममेटची आहे. सोमवारी रात्री दहाला आपण आलात तर आम्ही तिथेच असू.

आपली विश्वासू,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी